वॉर्डातील नोंदीपासून केस स्टडीपर्यंत: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी आपले लेखन कसे सुधारावे

नर्सिंगला प्रवेश घेताना आपल्याला इतके लिहावे लागणार आहे, याची कल्पना फार थोड्या विद्यार्थ्यांना असते. जीएनएमची (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षे असोत किंवा बी.एस्सी. नर्सिंगची चार, प्रोसिजर बुक, ड्रग बुक, केअर प्लॅन, केस स्टडी, हेल्थ टॉकचा लेसन प्लॅन, प्रसूती विभागातील केसबुक, सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगमधील कुटुंब फाईल असे काही ना काही लिहिण्याचे काम रोज समोर असतेच. शिवाय प्रत्यक्ष रुग्णाच्या केसपेपरवर करायच्या नोंदी असतात त्या वेगळ्याच. मी मराठवाड्यातील एका नर्सिंग महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला शिकते. माझ्या वर्गातील बहुतेक मुलेमुली गेवराई, कळमनुरी, औसा, भोकरदन, मुखेड अशा तालुक्यांतील मराठी माध्यमाच्या शाळांतून आलेली आहेत, आणि ‘माझं इंग्रजी कच्चं आहे, म्हणून मला लिहिता येत नाही’ हे वाक्य आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी उच्चारलेले आहे.

या समजुतीबद्दल आधी बोलले पाहिजे. एखादी कमकुवत नोंद शांतपणे वाचून पाहिली, तर तिच्यातील इंग्रजी बहुधा ठीकच असल्याचे दिसते. उणीव असते ती पाहण्यात. रुग्णाकडे पुरेसे पाहिलेले नसले की वाक्ये आपोआप मोघम होतात. याउलट नेमके लिहायला बसले की काय पाहायचे राहून गेले ते लगेच लक्षात येते आणि पुन्हा खाटेपाशी जावे लागते. लेखन आणि शुश्रूषा ही दोन्ही एकाच अभ्यासाने सुधारतात असे माझे ठाम मत आहे, आणि पुढच्या सर्व सूचना त्याच मताला धरून आहेत.

लिहिण्याआधी पाहणे

छत्रपती संभाजीनगरची घाटी असो, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय असो किंवा नांदेडचे विष्णुपुरीतील शासकीय रुग्णालय, मराठवाड्यातील मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण पाहायला मिळतात. अशा एका काल्पनिक रुग्णाची संध्याकाळच्या पाळीतील नोंद पुढीलप्रमाणे आहे असे समजू: ‘रुग्णाची प्रकृती समाधानकारक. औषधे वेळेवर दिली. विशेष तक्रार नाही.’ या तीन वाक्यांत एकही गोष्ट खोटी नसेल. तरीही रात्री आठ वाजता ड्युटीवर आलेल्या सिस्टरला त्यावरून काहीही ठरवता येणार नाही.

ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशकांमुळे ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर निकामी होते, आणि त्यामुळे लाळ व घाम वाढतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत स्राव भरतो आणि नाडी मंदावते. यावर ॲट्रोपिन हे औषध दिले जाते आणि ते पुरेसे झाले की नाही हे छाती मोकळी होणे, काखा कोरड्या होणे, नाडी वाढणे यांवरून ठरते. मात्र ॲट्रोपिन जास्त झाले तर ताप चढतो, लघवी अडते आणि रुग्ण भ्रमात बडबडू लागतो. आजाराची ही कार्यपद्धती डोक्यात असली, तर काय पाहायचे हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही आणि नोंद स्वतःहून आकार घेते:

‘सायं. ७.४०. हाक मारल्यावर डोळे उघडतो, नाव व गाव बरोबर सांगतो. नाडी ९६, श्वसन २२, रक्तदाब ११०/७०, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन ९५ टक्के. दोन्ही बाहुल्या ३ मिमी, प्रकाशाला प्रतिसाद. तोंडात लाळ साचलेली नाही, काखा कोरड्या. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी घरघर अजून ऐकू येते. दुपारी २ पासून लघवी ४०० मिली. ॲट्रोपिनचे इन्फ्युजन आदेशाप्रमाणे सुरू. घरघरीबद्दल ड्युटीवरील डॉक्टरांना ७.४५ वाजता कळवले. त्यांनी दर १५ मिनिटांनी छाती तपासण्यास सांगितले.’

दुसरी नोंद लांब आहे म्हणून चांगली आहे असे नाही. तिच्यातील प्रत्येक वाक्यावर रात्रपाळीच्या सिस्टरला काही ना काही करता येते, हे तिचे बळ आहे. ती लिहिण्यासाठी लागणारे इंग्रजीही आठवी-नववीच्या पलीकडचे नाही. मात्र ती लिहिणाऱ्या व्यक्तीने बाहुल्यांवर टॉर्च मारलेला असला पाहिजे, स्टेथोस्कोप पाठीवर खालपर्यंत लावलेला असला पाहिजे आणि युरोबॅगपाशी (लघवीच्या पिशवीपाशी) वाकून मोजमाप वाचलेले असले पाहिजे.

सरावासाठी एक पद्धत मला फार उपयोगी पडली. नोंद लिहिण्याआधी कच्च्या कागदावर चार गोष्टी वेगवेगळ्या मांडाव्यात: मी डोळ्यांनी काय पाहिले, मी काय मोजले, रुग्ण किंवा नातेवाईक काय म्हणाले, आणि यावरून मला काय वाटते. पहिल्या तिन्ही गोष्टी भरल्याशिवाय चौथीला हात लावू नये. आपल्या बहुतेक मोघम नोंदी थेट चौथीपासून सुरू झालेल्या असतात. ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. हा निवाडा आहे, निरीक्षण नव्हे. त्याऐवजी ‘सलाईनची नळी दोनदा ओढून काढली, खाटेवरून उतरण्याचा प्रयत्न करतो, समोर नसलेल्या माणसाशी बोलतो, मुलाला ओळखले नाही, अंग गरम, तोंड कोरडे’ असे लिहिले, तर वाचणाऱ्या डॉक्टरच्या मनात ॲट्रोपिन जास्त झाल्याची शंका लगेच येईल. सहकार्य न करण्याचा शिक्का मारल्यावर ती शंका येण्याची वाटच बंद होते, आणि रुग्णाचे हात बांधण्यापलीकडे कोणी विचार करत नाही. भाषेतील ढिलाई रुग्णाला किती महाग पडू शकते, हे मला याच प्रकारच्या वाक्यांनी सर्वांत स्पष्टपणे शिकवले.

आकडे, वेळ आणि खाडाखोड

दरवर्षी १२ मे रोजी आपण फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने दिवे लावतो आणि शपथ घेतो. त्यांच्या लेखनाची आठवण मात्र क्वचितच काढतो. क्रिमियन युद्धावरून १८५६ मध्ये परतल्यानंतर त्यांनी सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे गोळा केले आणि लढाईतील जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या आजारांनी अधिक सैनिक दगावले, हे १८५८ साली एका वर्तुळाकार आकृतीतून सरकारसमोर मांडले. त्यांची करुणा मोठी होती हे खरेच. पण सरकारला हलवण्यासाठी त्यांनी आकडे नीट लिहिण्याचा मार्ग धरला. वॉर्डातील टीपीआर (तापमान, नाडी, श्वसन) चार्ट भरताना हे ध्यानात ठेवावे असे मला वाटते, कारण सगळ्यांची नाडी ८० आणि सगळ्यांचे श्वसन २० लिहून चार्ट ‘पूर्ण’ करण्याचा मोह त्याच कागदावर होतो.

आकड्यांच्या बाबतीत काही नियम डोळे झाकून पाळावेत. इन्सुलिनचा डोस लिहिताना ‘युनिट’ हा शब्द इंग्रजीत पूर्ण लिहावा. नुसते ‘यू’ हे अक्षर घाईत शून्यासारखे दिसते आणि १० युनिटचे १०० होतात. पूर्णांकापुढे दशांश चिन्ह आणि शून्य लिहू नये, कारण १.० मिलिग्रॅममधील टिंब पुसट झाले की ते १० वाचले जाते. दशांशाच्या आधी मात्र शून्य अवश्य लिहावे, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम नेहमी ०.५ असा. मॉर्फिन सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट या दोघांसाठीही इंग्रजीत ‘एमएस’ असे लघुरूप वापरले गेल्याने गोंधळ होऊ शकतो, म्हणून औषधाचे नाव नेहमी पूर्ण लिहावे. वेळ सकाळ-संध्याकाळ स्पष्ट होईल अशी किंवा चोवीस तासांच्या पद्धतीने लिहावी. चूक झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारून बाजूला योग्य नोंद, सही आणि वेळ द्यावी. व्हाइटनर लावणे, गिरवणे किंवा पान फाडणे यामुळे कायद्याच्या दृष्टीने संपूर्ण केसपेपरच संशयास्पद ठरू शकतो. औषध देण्याआधी ‘दिले’ असे लिहून ठेवणे हा तर घात आहे, मग वॉर्डात कितीही गर्दी असो.

कोणते आकडे लिहायचे, हे त्या आकड्यांवर पुढे काय अवलंबून आहे यावरून ठरवावे. एक्लॅम्प्सियाच्या (गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याच्या) मातेला मॅग्नेशियम सल्फेटचा पुढचा डोस देण्याआधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, श्वसन मिनिटाला किमान १६ आहे आणि लघवी तासाला किमान ३० मिली होते आहे, या तीन गोष्टी पाहाव्या लागतात. त्यांपैकी एकही कमी असेल तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवावे लागते आणि कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवावे लागते. अशा मातेच्या कागदावर ‘व्हायटल्स स्टेबल’ एवढेच लिहिणे म्हणजे पुढच्या सिस्टरला अंधारात डोस द्यायला लावणे होय. नवजात बाळाच्या बाबतीत हीच गरज ओळखून डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५३ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली: हृदयाचे ठोके, श्वसन, स्नायूंचा ताण, उत्तेजनाला प्रतिसाद आणि त्वचेचा रंग यांना प्रत्येकी ० ते २ गुण, पहिल्या मिनिटाला आणि, पुढे रूढ झाल्याप्रमाणे, पाचव्या मिनिटालाही. ‘बाळ चांगले रडले’ या वाक्यातून प्रत्येकाला वेगळा अर्थ लागतो. ‘पहिल्या मिनिटाला ७, पाचव्या मिनिटाला ९’ यातून सर्वांना एकच लागतो.

मराठीत विचार, इंग्रजीत नोंद

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे, की केस स्टडी किंवा केअर प्लॅनचा पहिला मसुदा निःसंकोच मराठीत लिहावा. इंग्रजीत थेट लिहायला बसले की आपल्याला जे म्हणायचे आहे ते मागे पडते आणि जेवढे इंग्रजी येते तेवढेच आपण म्हणतो. परिणामी दहा जणांच्या फायलींत तीच दहा वाक्ये सापडतात. मराठी मसुद्यात विचार पूर्ण उतरला, की मग तो इंग्रजीत नेताना वाक्ये लहान करावीत, एका वाक्यात एकच क्रिया ठेवावी आणि कर्ता कोण ते लिहावे. ‘पाहिले’, ‘रुग्णाने सांगितले’, ‘दिले’, ‘कळवले’, ‘शिकवले’ अशा पंधरा-वीस क्रियापदांची इंग्रजी रूपे पक्की केली, की वॉर्डातील बहुतेक लेखन त्यांच्यावर चालते. अवघड शब्द पाठ करण्यापेक्षा ही क्रियापदे चुकू न देणे अधिक मोलाचे आहे.

रुग्णाचे शब्द मात्र होता होईल तो त्याचेच ठेवावेत. मराठवाड्यात एकाच वॉर्डात मराठी बोलणारी आजी, दखनी उर्दू बोलणारे चाचा, तांड्यावरून आलेली गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारी आई आणि देगलूर-बिलोलीकडचा तेलुगू समजणारा रुग्ण शेजारशेजारी असू शकतात. ‘उन्हाळी लागली’, ‘अंगावरून पांढरं जातं’, ‘घेरी आली’, ‘छातीत चमक निघते’ अशा तक्रारींना आपण घाईने एखादे वैद्यकीय नाव देऊन टाकतो, आणि ते नाव चुकले की पुढच्या सर्वांच्या वाचनात ती चूक चालत राहते. म्हणून तक्रार अवतरणचिन्हांत रुग्णाच्या बोलीत लिहावी आणि तिच्यापुढे आपण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत: केव्हापासून, कुठे, किती वेळ, कशाने वाढते, कशाने थांबते, ० ते १० पैकी वेदना किती. दुभाष्याचे काम कोणी केले तेही लिहावे, कारण सासूने सांगितलेली सुनेची तक्रार आणि सुनेने एकटीने सांगितलेली तक्रार यांत पुष्कळदा फरक असतो.

दूरचा वाचक

बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता असा हिशेब असल्यामुळे गरोदर बायकाही फडावर जातात. त्यांच्याजवळ असलेले माता व बाल संरक्षण कार्ड हाच त्यांच्या तपासणीचा सोबतीला असलेला कागद असतो, आणि तो वाचणारी परिचारिका आपल्याला कधीही फोन करून ‘इथे काय लिहिलंय?’ असे विचारणार नसते. सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगमध्ये हे कार्ड भरताना मला लेखनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट कळली, ती म्हणजे वाचणारी व्यक्ती आपल्यासमोर नसते आणि आपल्याला जे माहीत आहे ते तिला माहीत नसते.

एक उदाहरण घेऊ. शेवटच्या पाळीची तारीख विचारल्यावर गावातील स्त्री बहुधा सणाच्या आधाराने सांगते: ‘पोळ्याच्या दोन दिवस आधी.’ २०२४ मध्ये पोळा २ सप्टेंबरला होता, म्हणजे तारीख ३१ ऑगस्ट; तीत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की प्रसूतीची अपेक्षित तारीख ७ जून २०२५ येते. कार्डावर फक्त अंतिम तारीख लिहिली, तर ती कशावरून काढली हे पुढच्या वाचकाला कळत नाही. त्यामुळे ‘पोळ्याच्या दोन दिवस आधी, स्वतः सांगितले’ हेही लिहिण्याजोगे आहे. सोनोग्राफीशी फरक पडला तर कशावर किती विसंबायचे ते पुढच्या परिचारिकेला ठरवता येते. हिमोग्लोबिन लिहिताना तपासणीची तारीख, टीडीचा (धनुर्वात-घटसर्प लसीचा) डोस लिहिताना पहिला की दुसरा, लोहाच्या गोळ्या दिल्या तेव्हा किती दिल्या आणि प्रत्यक्ष घेते का, हे सर्व लिहावे. जागा अपुरी असते हे खरे. म्हणूनच काय गाळायचे याचा विचार करावा लागतो, आणि तोही लेखनाचाच भाग आहे. माझ्या मते जोखमीची खूण, उदाहरणार्थ मागील प्रसूती सिझेरियन झाल्याची, कधीही गाळू नये आणि ती कार्ड उघडताक्षणी दिसेल अशा ठिकाणी लिहावी.

केअर प्लॅन: नक्कल सोडण्याचा मार्ग

सीनिअरची जुनी फाईल समोर ठेवून केअर प्लॅन उतरवून काढण्याची पद्धत सर्वत्र आहे. मांडणी समजण्यासाठी जुनी फाईल एकदा पाहण्यात काही गैर नाही. परंतु मजकूर तिच्यातून घेतला की शिकणे तिथेच थांबते. नक्कल टाळण्याचा सोपा उपाय असा, की प्रत्येक नर्सिंग निदानाचा तिसरा भाग रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून लिहावा. निदानात समस्या, तिचे कारण आणि तिचा पुरावा असे तीन भाग असतात. ‘श्वासमार्ग मोकळा राहत नाही, कारण घट्ट कफ आणि खोकण्याची ताकद कमी, पुरावा म्हणजे श्वसन २८, दोन्ही बाजूंनी घरघर, बेडका सुटत नाही’ यातील पुरावा दुसऱ्या रुग्णाच्या फायलीतून आणताच येत नाही. धोक्याचे निदान असेल तर पुरावा नसतो, फक्त धोका वाढवणारे घटक असतात. हा फरक परीक्षेतही विचारला जातो. न्यूमोनिया, क्षयरोग अशी वैद्यकीय निदाने नर्सिंग निदानाच्या जागी लिहू नयेत.

उद्दिष्ट मोजता येईल असे असावे: ‘श्वास घेणे सुधारेल’ याऐवजी ‘२४ तासांत श्वसन मिनिटाला २० पर्यंत येईल आणि रुग्ण स्वतः बेडका काढू शकेल’. उपाय लिहिताना आपल्या वॉर्डाकडे पाहावे. पुस्तकात खाटेचे डोके वर उचलायला सांगितलेले असते. खाट उचलता येत नसेल तर पाठीमागे घड्या केलेली ब्लँकेटे लावून बसवले, असे जे प्रत्यक्ष केले तेच लिहावे. शेवटचा रकाना मूल्यमापनाचा असतो आणि तिथे सगळ्या फायलींत ‘उद्दिष्ट साध्य’ असेच वाचायला मिळते. श्वसन २८ वरून २४ वर आले असेल तर ‘अंशतः साध्य’ लिहावे, कारण सांगावे आणि योजना बदलावी. परीक्षक अशा प्रामाणिक नोंदीवर प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर द्यायला आपल्याकडे खरोखर काही असते.

अनुभवावर विचार करून लिहिणे

अनुभवपर लेखनासाठी ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेले सहा टप्प्यांचे चक्र बहुतेक ठिकाणी शिकवले जाते: काय घडले, काय वाटले, काय बरे-वाईट झाले, असे का झाले, त्यातून काय निष्पन्न झाले आणि पुढच्या वेळी काय करायचे. विद्यार्थ्यांच्या लेखनात पहिले दोन टप्पे पानभर असतात आणि बाकीचे चार ओळींत आटोपतात. प्रमाण उलट असावे. प्रसंग पाच-सहा वाक्यांत सांगून चौथ्या टप्प्यावर, म्हणजे ‘असे का झाले’ यावर, सर्वांत जास्त वेळ द्यावा.

नवरात्रात तुळजाभवानीचा नऊ दिवसांचा उपवास धरणारी, मधुमेह असलेली मावशी वॉर्डात दाखल आहे असे समजा. दुपारी इन्सुलिन देण्याआधी सिस्टरने विचारले, ‘मावशी, जेवलात का?’ मावशी म्हणाल्या, ‘हो.’ ताट मात्र झाकलेलेच होते. पुन्हा बसून विचारल्यावर कळले, की सकाळी घेतलेले थोडे दूध आणि एक केळे यालाच त्या जेवण म्हणत होत्या. ग्लुकोमीटरवर साखर ७८ आली. डोस थांबवून डॉक्टरांना कळवले गेले, कारण साखर ७० च्या खाली गेली की हायपोग्लायसेमिया मानतात आणि इन्सुलिन दिल्यावर ती तिथे जाण्यास वेळ लागला नसता. यावर लिहिताना ‘रुग्ण अज्ञानी होती’ असे लिहिणे सोपे असते, परंतु विश्लेषण तिथे सुरूच होत नाही. मावशींनी खोटे सांगितलेले नाही. प्रश्नच असा होता की त्याचे ‘हो’ हे उत्तर खरे ठरत होते. रुग्णालयात उपवास सोडायला लावतील ही भीतीही त्या ‘हो’मागे असू शकते. पुढच्या वेळी काय करायचे, याचे उत्तर मग आपोआप नेमके होते: ‘सकाळपासून काय काय खाल्लं-प्यायलं, मावशी?’ असे विचारायचे, ताट डोळ्यांनी पाहायचे, आणि नवरात्र, एकादशी, रमजान या दिवसांत दाखल होतानाच उपवासाची चौकशी करून ती केसपेपरवर ठळक लिहायची. ‘मी यापुढे अधिक काळजी घेईन’ एवढ्या एका वाक्याने सहावा टप्पा संपवला, तर त्या लेखनाचा उपयोग कोणालाच होत नाही.

लोकांसाठी लिहिणे

हेल्थ टॉक मराठीतच द्यायचा असतो आणि तरीही तो अनेकदा सर्वांत दुर्बोध असतो, कारण इंग्रजी पुस्तकातील प्रकरण जसेच्या तसे मराठीत आणलेले असते. जुलाबावर बोलायचे असेल तर जंतूंचे प्रकार सांगू नयेत. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट संपूर्ण एक लिटर पाण्यात घालावे, अर्धे-अर्धे करू नये. केलेले पाणी २४ तासांत वापरावे, उरल्यास टाकून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मुलाला झिंकच्या गोळ्या जुलाब थांबल्यावरही १४ दिवस पूर्ण द्याव्यात. एवढे ऐकणाऱ्या आईच्या लक्षात राहिले, तर तो टॉक यशस्वी झाला. चमचा कोणता, लिटर कशाने मोजायचा हे दाखवण्यासाठी घरातील चमचा आणि पाण्याची रिकामी बाटली बरोबर न्यावी. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, तिथे वारंवार हात धुण्याचा सल्ला देण्याआधी पाणी किती मिळते ते विचारावे आणि जेवण भरवण्यापूर्वी व शौचानंतर या दोन वेळांवर भर द्यावा. अशक्य सल्ला ऐकून लोक मान डोलावतात आणि शक्य असलेलाही सोडून देतात.

परीक्षेतील दीर्घोत्तरी प्रश्नांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. प्रश्नात व्याख्या, कारणे, नर्सिंग व्यवस्थापन असे जे विचारले असेल त्याच क्रमाने लिहावे, गुणांच्या प्रमाणात जागा द्यावी आणि आकृती असेल तर तिला नावे द्यावीत. वर्षभर वॉर्डात नेमके लिहिलेले असेल तर नर्सिंग व्यवस्थापनाचा भाग पाठ करावा लागत नाही.

वाचनाचे महत्त्व सगळेच सांगतात. मी एवढेच जोडेन, की अनुभवी स्टाफ सिस्टरांच्या जुन्या नोंदी परवानगी घेऊन लक्षपूर्वक वाचाव्यात. आमच्या वॉर्डातील एक इन्चार्ज सिस्टर दोन ओळींत इतके नेमके लिहितात, की रुग्णाला न पाहताही त्याच्याजवळ पोहोचल्यावर आधी काय तपासायचे ते कळते. त्यांनी काय लिहिले याइतकेच काय लिहिले नाही, याचाही अभ्यास करावा.

सरावासाठी जोडीदार असावा. आठवड्यातून एकदा आपली एक नोंद मैत्रिणीला किंवा मित्राला द्यावी आणि तोंडी एक शब्दही न सांगता विचारावे: ‘आता पाळी तुझी आहे; या पेशंटजवळ गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात तू काय करशील?’ उत्तर आपल्या मनातल्या उत्तराशी जुळले नाही, तर जिथे वाचणारी व्यक्ती अडखळली ते वाक्य पुन्हा लिहावे, आणि ड्युटी संपलेली नसेल तर आधी खाटेपाशी जाऊन ती गोष्ट पाहून यावी. या सरावासाठी केलेल्या प्रतीत रुग्णाचे नाव, गाव, नोंदणी क्रमांक काहीही नसावे, केसपेपरचा मोबाइलवर फोटो काढू नये, आणि काम झाल्यावर तो कागद फाडून टाकावा.